युजर ‘ऑफिस’, पासवर्ड ‘हापूस१२३’

पावसाळा लागला की या सदराचं टपाल वाढतं, कारण सीझनभर ज्यांना मान वर करायला वेळ नव्हता ते आता हिशेबाला बसतात आणि मग एकेक घोळ वर यायला लागतो. यावेळी चार पत्रं घेतलीयत. गावं वेगळी, धंदे वेगळे, पण सगळ्यांकडे सर्व्हरवर एक युजर आहे आणि तो कोणाचाच नाही.

प्रश्न: दादा, आमचा देवगड तालुक्यात आंब्याचा आणि थोडा काजूचा धंदा आहे. पॅकहाऊस बागेत, ऑफिस कणकवलीला, धाकटा भाऊ सीझनला वाशी मार्केटात. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने कणकवलीत सर्व्हर बसवून दिला आणि आम्ही पाच जण रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर लांबच्या सर्व्हरचा स्क्रीन उघडून) त्यावर टॅली आणि एक्सेल चालवतो. पाचांचा मिळून एकच युजर, नाव ‘ऑफिस’, पासवर्ड ‘हापूस१२३’ (आता बदललाय). एक आत गेला की दुसरा बाहेर फेकला जातो, त्यावरून फोनवर रोज बोंबाबोंब. त्यात एप्रिलमध्ये एका बागायतदाराच्या ४० पेट्यांची एन्ट्री एक्सेलमधून गायब झाली, त्याला पट्टी (विक्रीचा हिशेब) कमी गेली, माणूस दारात येऊन नको नको ते बोलून गेला. घरात सगळे वहिनीवर ढकलतायत कारण त्या दिवशी एन्ट्रीला ती होती. ती म्हणते मी केली होती, आणि मी नाय उडवली. वेगळे युजर करूया म्हटलं तर तो मुलगा म्हणतो लायसनचे पैसे वाढतील. खरं काय? आणि एन्ट्री कोणी उडवली ते आता कळेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, घरातली शांतता लायसनपेक्षा महाग. नाही कळणार. आणि माझा अंदाज विचाराल तर ती एन्ट्री कोणी उडवलेलीच नाहीये.

बघा, विंडोज सर्व्हरचा नेम असा की एका युजरला एकच सेशन, म्हणजे त्याच्या नावाने सर्व्हरवर चालू असलेला एकच डेस्कटॉप. ही सेटिंग मुळातच चालू असते. म्हणजे ‘ऑफिस’ या नावाने वहिनी पॅकहाऊसवरून आत आहे, आणि वाशीहून भावाने त्याच नावाने लॉगिन केलं, तर सर्व्हर भावाला नवीन डेस्कटॉप देत नाही, वहिनीचाच उचलून त्याच्या पुढ्यात ठेवतो. वहिनीला मेसेज येतो की दुसरा युजर कनेक्ट झाल्यामुळे तुमचं कनेक्शन गेलं. सर्व्हरच्या हिशेबाने ही दोन माणसं नाहीतच, एकच ‘ऑफिस’ आहे जो एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. आता चित्र डोळ्यासमोर आणा. वहिनीने फाईल उघडलीय, ४० पेट्या टाकल्यात, सेव्ह करायच्या आधी टेम्पोवाल्याने हाक मारली म्हणून उठली. तिकडे भाव खाली यायला लागलाय म्हणून भाऊ घाईत, त्याने लॉगिन केलं, समोर कुठलीतरी एक्सेल उघडी दिसली, त्याने फुली मारली, एक्सेलने विचारलं सेव्ह करू का, त्याने नको म्हटलं कारण त्याला वाटलं आपण तर काहीच केलेलं नाही. झालं. वहिनी खरं बोलतेय, भाऊपण खरं बोलतोय, आणि बागायतदाराची पट्टी कमी गेलीय. असंच झालं असेल असं मी छातीठोक सांगत नाही, पण एकच युजर असताना हे कधीही होऊ शकतं आणि कोणालाच कळत नाही.

लॉगमध्ये बघता येईल का म्हणाल, तर सर्व्हर नोंद ठेवतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर म्हणून एक लॉग असतो, त्यात २१ नंबर म्हणजे कोणीतरी लॉगिन केलं, २३ म्हणजे रीतसर लॉगऑफ, २४ म्हणजे सेशन नुसतं तुटलं, २५ म्हणजे तुटलेलं परत जोडलं, आणि सोबत कुठल्या आयपीवरून (नेटवर्कमधल्या पत्त्यावरून) ते. तुमच्याकडे या २४ आणि २५ ची माळ लागलेली असणार. पण नावाच्या जागी सगळीकडे ‘ऑफिस’. आयपीवरून फार तर पॅकहाऊस की वाशी एवढं निघेल, आणि पॅकहाऊसवर एका राउटरमागे तीन कॉम्प्युटर असले तर तेपण नाही. शिवाय हा लॉग ठरावीक साइजचा असतो, भरला की जुन्यावर नवीन चढतं, एप्रिलचं आत्तापर्यंत बहुतेक पुसलं गेलेलं असणार. आणि असलंच तरी आत कोण होतं ते दिसतं, एक्सेलमध्ये कोणी काय केलं ते नाही. तेव्हा वहिनीची माफी मागा आणि पुढचं बघा.

प्रिंटचा अनुभव आला की नाही अजून? मी एका बर्फ कारखान्यात काम केलंय, नाव सांगत नाही, बंदराजवळ काउंटर आणि कारखाना आत दोन किलोमीटर, दोन्हीकडे एकच युजर. काउंटरवरच्या माणसाने चलन टाईप केलं, तेवढ्यात कारखान्यातल्याने लॉगिन केलं, सेशन तिकडे गेलं आणि सोबत प्रिंटरही बदलला, कारण रिमोट डेस्कटॉप ज्याच्या कॉम्प्युटरवरून जोडलाय त्याचा प्रिंटर आत ओढून घेतो. पुढ्यात चलन दिसलं म्हणून त्याने आपलं समजून प्रिंट दिली. गाडी काउंटरवर उभी, बर्फ वितळतोय, ड्रायव्हर शिव्या घालतोय आणि चलन निघालं कारखान्यात. मला फोन आला की प्रिंटर बिघडलाय म्हणून. प्रिंटर ठणठणीत होता.

तो मुलगा आता कदाचित तुम्हाला म्हणेल की सोप्पंय, एकाला एकच सेशन ही सेटिंग बंद करतो, मग पाचही जण ‘ऑफिस’ नावानेच आत राहतील. नको. बाहेर फेकणं थांबेल पण पाच जणांचा डेस्कटॉप तोच, डॉक्युमेंट्स तेच, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड तेच, एकाने डेस्कटॉपवरची फाईल कचऱ्यात टाकली की पाचही ठिकाणची गेली. आणि आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते मी तुम्हाला काय सांगू, लाईट गेली की राउटर गेला, सेशन सर्व्हरवर तसंच उघडं राहतं (हा खरं म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा मोठा फायदा, काम बुडत नाही), पण लाईट आल्यावर परत जोडायला जाल तेव्हा एकाच नावाची तीन तुटलेली सेशन पडलेली असतील आणि तुमच्या हातात कोणाचं येईल ते देवाला माहीत.

आता लायसन, कारण मुलाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि त्या अर्ध्यामुळेच लोक फसतात. विंडोज सर्व्हरला लायसनशिवाय एका वेळी दोन रिमोट कनेक्शन चालतात, पण ती सर्व्हरची देखभाल करणाऱ्यासाठी, रोजच्या धंद्याच्या कामासाठी नाहीत. त्यापुढे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा रोल घालावा लागतो, तो घातला की १२० दिवसांची सवलत मिळते आणि नंतर त्याची कॅल म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन लागतात, शिवाय साध्या सर्व्हरची कॅल असतात ती वेगळीच. ही रिमोटची कॅल दोन प्रकारची, माणसागणिक नाहीतर मशीनगणिक. माणसागणिक म्हणजे जिवंत माणसं मोजायची, युजरची नावं नाही. तुम्ही पाच जण एका नावाने आत जा नाहीतर पाच नावांनी, लायसन पाचच. म्हणजे एकच युजर ठेवून तुमचा एक रुपया वाचत नाही, फक्त कमी घेतलेली लायसन झाकली जातात. मशीनगणिक घेतलं तर कॉम्प्युटर मोजायचे, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने चार जण बसले तरी एकच. तुमच्यासारख्यांकडे डोमेन (सगळे युजर एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) वगैरे नसतो, सर्व्हर नुसता वर्कग्रुपमध्ये असतो, तिथे मशीनगणिकच घ्या, कारण २०१९ च्या सर्व्हरपासून वर्कग्रुपमध्ये माणसागणिक लावलं की तो लायसनचा प्रॉब्लेम आहे म्हणून ६० मिनिटांनी सेशन तोडतो. आणि कोणी साध्या विंडोजला काहीतरी पॅच मारून पाच जणांना आत सोडतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते लायसनमध्ये बसत नाही आणि विंडोजचा अपडेट आला की बंद पडतं, तेही नेमकं एप्रिलमध्ये.

युजर करणं हे एका संध्याकाळचं काम आहे. प्रत्येकाचा वेगळा युजर करा, स्वतःच्या नावाचा, आणि सगळ्यांना रिमोट डेस्कटॉप युजर्स या ग्रुपमध्ये घाला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘परमिशनची कटकट नको’ म्हणून सगळ्यांना अ‍ॅडमिन करून ठेवणारे मी पैशाला पासरी बघितलेत आणि मग एकाने मेलमधली कसलीतरी फाईल उघडली की अख्खा सर्व्हर जातो. मग ‘पॅकहाऊस’ असा एक ग्रुप करा, पाचही जण त्यात, आणि डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरला त्या ग्रुपची मॉडिफाय परमिशन द्या, आंब्याची एक्सेल तिथे. सगळ्यांना लागणारे शॉर्टकट पब्लिक डेस्कटॉपवर टाकले की सगळ्यांना दिसतात. म्हणजे वाटून काय घ्यायचं तर फोल्डर घ्यायचा, नाव नाही. आता वहिनीने फाईल उघडी ठेवलेली असताना भावाने उघडली तर एक्सेलच त्याला सांगेल की ही फाईल अमुक वापरतायत, नुसती वाचायला उघडू का. (एक्सेलच्या ऑप्शन्समध्येही प्रत्येकाचं नाव नीट घाला, नाहीतर तिथेही ‘ऑफिस’च दिसेल आणि परत पहिले पाढे.) टॅलीच्या आतसुद्धा युजर वेगळे करायचे. पुढेमागे प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांना कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे, आणि त्या नोंदीत सगळीकडे एकच नाव असलं तर ऑडिटरला काय दाखवणार?

तुटलेलं सेशन किती वेळाने आपोआप बंद व्हावं तेही ठरवता येतं. पुस्तकात कमी वेळ ठेवा म्हणतात, मी कोकणात निदान तीन तास ठेवतो, लाईट तेवढी जाते. त्या ड्राइव्हवर शॅडो कॉपी चालू करा म्हणजे फोल्डरवर राईट क्लिक करून कालची फाईल परत काढता येते. तो बॅकअप नव्हे, बॅकअप वेगळा घ्यायचाच. सीझनला दोन महिन्यांसाठी पोरं ठेवता ना, त्यांचा युजर करतानाच एक्सपायरीची तारीख घाला, १५ जून म्हणा, त्यानंतर तो आपोआप चालत नाही, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. आणि जुना ‘ऑफिस’ लगेच डिलीट करू नका, डिसेबल करा. विंडोज आतून नाव बघत नाही, प्रत्येक युजरला दिलेला एक लांबलचक नंबर बघतो, डिलीट करून त्याच नावाने परत केला तरी नंबर नवा येतो आणि जुन्या परमिशन लागत नाहीत. त्याच्या डेस्कटॉपवर काय काय पडलंय ते सावकाश काढा, दिवाळीला डिलीट करा.

प्रश्न: मी दापोली तालुक्यात एका पतसंस्थेच्या शाखेत क्लार्क आहे. आमचं सॉफ्टवेअर हेड ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, रिमोटने चालतं. व्हाउचर आम्ही टाकायचं आणि मॅनेजर साहेबांनी पास करायचं. पण साहेबांचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे, ते रजेवर असले की फोन करून सांगतात, ‘तूच पास कर.’ गणपतीत तर पाच-पाच दिवस मीच करते. माझं नाव कुठेच येत नाही म्हणून मला तसा त्रास नाही, पण भीती वाटते. नाही कसं म्हणायचं?

उत्तर: भीती वाटते ते बरंय, ताई. एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने पास करायचं ही पद्धत आहेच मुळी दोन माणसांनी बघावं म्हणून, आणि तुमच्याकडे तीच दोन बोटं टाकतायत आणि तीच पास करतायत. नाव येत नाही म्हणून सुटले असं समजू नका. उद्या एखादं व्हाउचर चुकलं तर लॉगमध्ये साहेबांचं नाव दिसेल, साहेब हजेरीपट दाखवतील की मी त्या दिवशी गावी होतो, आणि मग शाखेत त्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं हा प्रश्न येईल. तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काय आहे? एक फोन कॉल, त्यात काय बोलणं झालं त्याचा पुरावा नाही.

साहेबांना तोंडावर ‘मी नाही करणार’ म्हणू नका, लहान गावात रोज तोंड बघायचंय. असं म्हणा की साहेब, गणपतीच्या रजेपुरती शेजारच्या शाखेतल्या ऑफिसरना आपल्या शाखेचं पासिंग द्यायला हेड ऑफिसला कळवूया का, मी अर्ज टाईप करून ठेवते, तुम्ही फक्त सही करा. अर्ज तयार असला की माणसं सही करतात, हा माझा अनुभव आहे. सॉफ्टवेअरमध्ये तारखेपुरती आणि रकमेपुरती मर्यादा घालून असे अधिकार देण्याची सोय बहुतेक असते, तुमच्यात आहे का ते हेड ऑफिसच्या ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागाला विचारा. तोपर्यंत साहेबांचा फोन आलाच तर त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ मागून घ्या, कुठलं व्हाउचर आणि किती रुपये. ती ओळ देताना त्यांनाच जरा विचार पडेल. हेड ऑफिसला आणखी एक आठवण करून द्या, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय, आणि ज्या लॉगमधलं नाव खोटं आहे तो जपून उपयोग काय. कॅलेंडरमागचा कागद तुम्ही काढू नका हां. ज्यांनी लावलाय त्यांनाच काढू दे.

प्रश्न: मालवणात आमचं छोटं लॉज आहे. काउंटरवर एकच कॉम्प्युटर, तीन पोरं शिफ्टमध्ये, बुकिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर. तिघांना वेगळे युजर म्हणजे तीन लायसन का? आणि किचनमध्ये टीव्हीवर ऑर्डरची लिस्ट दिसते त्याला कोणाचा युजर द्यायचा?

उत्तर: काउंटरला मशीनगणिक एकच कॅल पुरेल, युजर तीन करा. शिफ्ट बदलताना लॉगऑफ करायला लावा, नुसती खिडकी बंद केली तर सेशन आत चालूच राहतं. किचनच्या टीव्हीमागे जो बॉक्स असेल तोही सर्व्हरला जोडतो ना, मग तेही एक मशीन धरा, म्हणजे दुसरी कॅल. त्याला मात्र माणसाचं नाव नको, ‘किचन’ असा युजर चालेल, फक्त लिस्ट बघता येईल एवढेच अधिकार द्या. तिथे कोणी सुरमईवर फुली मारू शकत नाही म्हणजे कोणी मारली हा प्रश्नच नाही.

प्रश्न: चिपळूणला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानातल्या सर्व्हरला घरून आणि गोडाऊनवरून जोडतो, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून दिलाय. सर्व्हर २००८ आर-टू आहे, जुना पण दणकट, २०२१ च्या पुरातून माळ्यावर होता म्हणून वाचला. महिनाभर रोज सकाळी ‘अकाउंट लॉक झालंय’ असं येतं आणि तासभर कोणालाच काम करता येत नाही. युजर एकच, ‘अ‍ॅडमिन’. स्टाफमधला कोणी मुद्दाम चुकीचा पासवर्ड मारतोय का?

उत्तर: स्टाफवर संशय घेऊ नका, सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी बघा, चुकलेली लॉगिनं तिथे असतात, आणि आयपी बघा, परदेशातल्या निघतील. ३३८९ उघडा ठेवला की जगभरातले प्रोग्राम रात्रंदिवस दार वाजवतात, आणि सगळ्यात आधी जी नावं मारून बघतात त्यात ‘अ‍ॅडमिन’ असतंच. ठरावीक वेळा चुकलं की विंडोज अकाउंट लॉक करतो, तुमचं सगळं दुकान त्या एका नावावर चालतं म्हणून सगळं दुकान लॉक होतं. वेगळी नावं असती तर निदान बाकीच्यांचं काम चाललं असतं. लॉकआउटची सेटिंग मात्र काढू नका, आत्तापर्यंत तिनेच वाचवलंय.

पुरातून वाचला याचं कौतुक आहे पण २००८ आर-टूचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, नेमकं रिमोट डेस्कटॉपमध्ये, पासवर्ड न लागता आत शिरता येईल असं, आणि ते इतकं वाईट होतं की मायक्रोसॉफ्टने कधीच बंद केलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच काढला. तुमच्या २००८ आर-टूलाही ते लागू होतं, तो पॅच घातलाय का ते आज बघा. आणि सर्व्हर बदलायचा खर्च यावर्षी धराच. पोर्टचा नंबर बदलून दुसरा ठेवला तर दार वाजवणारे थोडे कमी होतात, बंद होत नाहीत. राउटरमधलं ते फॉरवर्डिंग काढा आणि व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कात यायची खासगी वाट) लावा, बऱ्याच राउटरमध्ये सोय असते, आधी व्हीपीएनला जोडायचं आणि मगच रिमोट डेस्कटॉप. घरचा, गोडाऊनचा आणि दुकानातल्या पोरांचा युजर वेगवेगळा.

फक्त हे करताना दुकानात बसून करा, घरून नको. मी एकदा कुडाळहून चिपळूणच्या एका गिऱ्हाईकाचा पोर्ट बंद केला, रिमोटनेच आत होतो, सेव्ह दाबलं आणि स्क्रीन गोठली, व्हीपीएन अजून चालू केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मांडवी एक्सप्रेसने गेलो, दोन मिनिटांचं काम केलं, आणि गिऱ्हाईकाला सांगितलं की असल्या कामाला समक्ष यावंच लागतं.